डोळ्याच्या रेघेखालची बाई

चित्रकार कोर्बिनियान हास्लिंगरला माणसं काढता येत नसत. रेगेन्सबर्ग शहरात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यात कुणाला वावगंही वाटत नसे. तो काढायचा कॅथेड्रल: खांब, कमानी, फरशीवर पडलेलं उन्ह. माणसं भरायला त्याचा दोस्त आलोइस यायचा. आलोइसला सरळ रेघ ओढता येत नसे, त्यामुळे दोघांचं छान जमलेलं.

मापाला मात्र बायको लागायची. वाल्बुर्गा खांबाला टेकून उभी राहायची. कोर्बिनियान हात ताठ करून पेन्सिलीवर तिला मोजायचा, आणि मग तो खांब किती वाल्बुर्गांचा ते ठरायचं. "झालं का हो? पाय गोठले माझे!" ती तिथूनच ओरडायची, आणि ते पार वेदीपर्यंत घुमायचं.

फेब्रुवारीत ती तापाने गेली. कोर्बिनियान रडला नाही. सकाळी रंग घोटायचा, संध्याकाळी ब्रश धुवायचा. शेजारीण सूप ठेवून जायची. गार होऊन वर चरबी थिजली की तसंच प्यायचा. अर्धवट राहिलेलं चित्र पुरं झालं. ईस्टर उलटला की ते प्रदर्शनाला जायचं होतं.

आलोइस आला तो खायला मुळे आणि बिअरचा घडा घेऊनच.

"काय रे, जिवंत आहेस ना?"

"आहे."

"दिसत तर नाहीस." त्याने चित्र न्याहाळलं. "झकास. थडग्यासारखं गार." आणि जीभ चावली.

कोर्बिनियानला काही लागलं नाही. लागायला हवं होतं, एवढं मात्र लक्षात आलं.

"तिसऱ्या खांबापाशी ओकंबोकं वाटतंय. एक जाडा पाद्री ठोकून देतो."

"दे."

आलोइसने पाद्र्याची टोपी टेकवली, आणि तिच्या जरा खाली कोर्बिनियानला पेन्सिलीची खूण दिसली. पातळ रंगातून वर आलेली. जानेवारीत वाल्बुर्गाला मोजताना त्यानेच केलेली, तिच्या डोक्याची. तिचा फोटो काढू काढू म्हणत राहून गेला होता. आणि चित्र? माणसं कुठे येत होती त्याला!

"थांब. तिथं बाई काढ."

"बाई तर बाई." आलोइसने टोपी पुसली आणि त्याच जागी डोकं मांडलं.

"खाली घे."

"अरे, तुझ्या डोळ्याची रेघ, म्हणजे तुझ्या नजरेची उंची, ही इथून जाते. सपाट फरशीवर उभ्या माणसांची डोकी त्या रेघेवरच हवीत. याच्यावरून जन्मभर शिव्या घातल्यास मला!"

"ती बुटकी होती."

आलोइस वाकला. खूण त्यालाही दिसली.

"लोक म्हणतील, आलोइसला अक्कल नाही."

"ते आत्ताही म्हणतात."

आलोइस हसला, त्याने नाक ओढलं. "चेहरा?"

"नको. तुला जमायचा नाही. पाठमोरी काढ. एका पायावर भार देऊन. कंटाळलेली."

नखाएवढी पाठ, करडी शाल, एक पाय जरा उचललेला. आलोइस बाजूला झाला. कोर्बिनियानने एक डोळा मिटला, हात ताठ केला आणि पेन्सिलीवर तिला मोजलं. बरोबर होती. खांबही बरोबर होता.

हात तसाच राहिला. मग त्याच्या ध्यानात आलं, खोली गार पडलीय. शेगडी कधीच विझली होती. तो उठला, आत दोन लाकडं सारली आणि काडी ओढली.