चंद्रीची मूठ

दैवशालानं संभाजीनगरहून बापाला, आष्टीच्या काकासाहेबांना, किसणी पाठवली. खोबऱ्याची नव्हे, लांबट, चकचकीत, कांद्या-बटाट्याचे काप करणारी. धार अशी, की पहिल्याच दिवशी एक माशी पात्यावर बसली आणि उठताना तिच्या दोन झाल्या. एक परतूरकडे गेली, दुसरी घनसावंगीकडे. पटत नसेल त्यानं आष्टीत येऊन चौकशी करावी. सणासुदीला दोघी अजून येतात.

खोक्यात किसणीसोबत प्लास्टिकची एक मूठ होती, खालून बारीक दाते असलेली. कांदा त्या दात्यांत रोवायचा, मूठ वरून धरायची आणि मग घासायचं, म्हणजे बोटं पात्यापासून लांब राहतात. सोबतच्या कागदावर हे सगळं चित्रं काढून सांगितलं होतं. शेवटच्या चित्रात किसणीवर नुसता उघडा हात, आणि त्यावर ठसठशीत लाल फुली.

काकासाहेबांचं अर्धं आयुष्य ग्रामपंचायतीच्या निवडणुकांत गेलेलं. त्यांनी कागद लांब धरून निरखला.

“फुली उघड्या हातावर मारलीय,” ते बायकोला म्हणाले. “म्हंजे निवडून हाच आला.”

“अन् ही मूठ?” झुंबरबाईंनी विचारलं.

“तिचं डिपॉझिट गेलं.”

पडलेल्या उमेदवाराची रवानगी गोठ्यात झाली. काकासाहेबांनी सहज ती चंद्री म्हशीच्या पाठीवरून फिरवली. चंद्रीनं डोळे मिटले, मान लांब केली आणि पोटातून ‘हूंऽ’ असा खर्ज लावला की गोठ्याचे पत्रे थरथरले. त्या दिवसापासून मूठ फिरवल्याशिवाय ती धार देईना. फिरवली की एवढं देई, की एक बादली भरेपर्यंत दुसरीसाठी धावावं लागे.

तेवढ्यात गावचा सप्ता आला. शेवटच्या दिवशी दुपारी पंगत आणि त्यानंतर भजनाची स्पर्धा. गेल्या वर्षी स्पर्धेची ढाल घनसावंगीच्या मंडळानं नेली होती. आष्टीचा पखवाज काकासाहेबांच्या हातात, म्हणून हरल्याचं खापरही त्यांच्याच डोक्यावर. त्यांनी भर मांडवात फेटा उतरवला होता: ढाल परत आल्याशिवाय बांधणार नाही. वर्षभर हा माणूस लग्नाकार्यात बोडका फिरला.

पंगतीच्या सकाळी मांडवामागे गडी माणसं विळ्या घेऊन कांदे चिरायला बसली होती. काकासाहेब किसणी काखोटीला मारून आले.

“उठा सगळे. विळ्या आडव्या करून घरी न्या. एकटा पुरून उरतो मी.”

आणि खरंच, काय हात चालला म्हणता. सर्र, सर्र, सर्र. काप इतके पातळ, की वाऱ्यानं उडून लिंबाच्या झाडाला चिकटले आणि बाजूच्या शेळ्या मान वर करून रडायला लागल्या. झुंबरबाई पदर तोंडाला लावून आल्या.

“आवं, मूठ आणू का गोठ्यातून? स्पर्धा हाय आज. बोटं कापतीन.”

“या बोटांनी पखवाजाच्या पुड्या फाडल्यात. किसणी काय करून राह्यली त्यांना?”

शेजारी रामकिसन उभा होता. मंडळातला टाळकरी, डोळा मात्र कायम काकासाहेबांच्या पखवाजावर.

“काकासाहेब, जरा हळू,” तो म्हणाला. “पंगतीला शाकाहारी माणसं हायेत.”

लोक हसले. काकासाहेबांनी हात दुप्पट जोरात सोडला आणि रामकिसनला उत्तर द्यायला मान वळवली.

धार अशी, की कापल्याचं बोटालाही आधी कळलं नाही. कळलं ते कांद्याला, तो लाल झाला.

झुंबरबाईंनी बोट वाहत्या पाण्याखाली धरलं, स्वच्छ फडक्यानं दाबलं आणि नवऱ्याला तसंच आरोग्य केंद्रात नेलं. सत्यशीला सिस्टरनं उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला दुधीएवढी पट्टी बांधली, वर इंजेक्शन दिलं.

“भिजवायचं न्हाई. आपटायचं तर बिलकुल न्हाई.”

“अन् पखवाज?”

“तो आपटूनच वाजतो ना, काका?”

इकडे लाल ढीग लांब नेऊन पुरला. नवऱ्याला केंद्रात बसवून झुंबरबाई परतल्या आणि उरलेले कांदे त्यांनी अंगावर घेतले. गोठ्यातून मूठ आणली, उकळत्या पाण्यात घालून पुन्हापुन्हा घासली आणि भराभर सगळे काप पाडले. नखाला ओरखडा नाही. पण मूठ गेली म्हटल्यावर चंद्रीनं दावं तोडलं होतं. ती मागोमाग येऊन मांडवाच्या खांबाशी उभी राहिली. हाकलली तर हलेना. शेवटी तिथंच बांधली.

काकासाहेब परतले तेव्हा रामकिसन पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावत होता.

“तुम्ही टाळ घ्या आज,” तो म्हणाला.

“सरक,” काकासाहेब म्हणाले. “नऊ बोटं हायेत अजून.”

घनसावंगीकर असे गायले की मांडवानं माना डोलावल्या. मग आष्टीची पाळी. काकासाहेबांनी ते एक बोट झेंड्यासारखं उभं धरलं आणि बाकीच्या नऊंनी वाजवायला सुरुवात केली. आयुष्यात पहिल्यांदा ते कुणाची सूचना पाळत होते. पण त्या बोटाची थाप जिथं यायची तिथं भोक पडायचं. धिन, धिन, आणि भोक. परीक्षकांच्या कपाळाला आठी पडली. काकासाहेबांना आणखी एक वर्ष बोडकं डोकं दिसू लागलं.

आणि त्या भोकात अचानक आलं: ‘हूंऽ’.

खांबाशी झुंबरबाई उभ्या होत्या, हातात मूठ. लग्न झाल्यापासून नवऱ्याचा रियाज त्यांनी पीठ मळत ऐकलेला. कोणती थाप कुठं पडते हे त्यांना झोपेतही ठाऊक. थाप यायच्या जागी त्या चंद्रीच्या पाठीवर मूठ ओढत. धिन, धिन, हूंऽ. काकासाहेबांनी लय वाढवली, झुंबरबाईंनी हात वाढवला. द्रुत झाली तेव्हा चंद्रीच्या खर्जानं मांडवाचं कापड फुगत होतं, घनसावंगीच्या पेटीच्या पट्ट्या आपोआप खाली जात होत्या, आणि रामकिसन टाळ कुटताना तोंड मिटायचं विसरला होता. समेवर तिघं एकदम आले.

ढाल आष्टीला मिळाली. फेटा झुंबरबाईंनी बांधला, कारण काकासाहेबांना बोट वाकवता येत नव्हतं.

दिवेलागणीला दैवशालाचा फोन आला.

“बाबा, किसणी वापरता का? मूठ लावूनच ना?”

“बराबर लावून,” काकासाहेब म्हणाले. “पण बाळा, आणखी एक पाठव जल्दी. तुझ्या आईची चंद्रीनं ठेवून घेतली.”