फाटक्या सुराची तबकडी

पहिली बाजू

मित्रांनो, मी एक जुनी तबकडी आहे. मला स्वस्थ बसवत नाही. फिरले तरच बोलते, थांबले की मुकी. तेव्हा सुई ठेवा आणि ऐका. मधेच अडखळले तर हसू नका.

माझ्यात फंकी जॅझ आहे. म्हणजे असं संगीत, की पाय आधी हलतो आणि डोक्याला मागाहून कळतं. वाजवणारे तिघं. ट्रम्पेटवर बाबा, बास गिटारवर त्यांची लेक, ड्रमवर तिचा काका. त्याला सगळे धडाडकाका म्हणत, कारण त्याला चहाचा कपसुद्धा हळू ठेवता येत नसे.

स्टुडिओ म्हणजे शिंप्याच्या दुकानामागची खोली. भिंतींना जुन्या गाद्या, खिडकीत उशा कोंबलेल्या. रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला की शिंपी मुकाट्याने मशीन थांबवी.

बँडचा एक नियम होता. कुणी चुकलं तरी थांबायचं नाही. पुढच्या फेरीत तीच चूक सगळ्यांनी करायची. "एकट्याची ती चूक, सगळ्यांची ती चाल," असं काका म्हणे.

आणि घाई होती. बाबांचा पुढचा दात हलत होता. दातांची डॉक्टर म्हणाली होती, "काढावाच लागेल. मग असं फुंकता येईल की नाही, सांगता येत नाही."

"अल्बम आधी, दात नंतर," बाबा म्हणाले.

शेवटच्या गाण्यात बाबांनी खोल श्वास घेतला, उंच सूर धरला, आणि तो फाटला. फर्रर्र! पुढच्या फेरीत लेकीने तार मुद्दाम सैल फडफडवली. काकाने झांज खरवडली.

वाजवून झाल्यावर बाबा म्हणाले, "तेवढं कापून टाका. लोक म्हणतील, म्हातारा संपला."

"मग आमचंही कापा," लेक म्हणाली. "उरेल काय, नुसतं कव्हर?"

"माझ्या झांजेला हात लावून तर बघा!" काका गरजला.

"लवकर ठरवा," फीत कापायचं ब्लेड हातात घेतलेला रेकॉर्डिस्ट म्हणाला. "मला जेवायला जायचंय."

बाबांनी जिभेने दात हलवून पाहिला. "राहू दे."

उलटवा मला.

दुसरी बाजू

त्या फितीवरून मी घडले. लोक माझ्यावर नाचले. ते फर्रर्र तर रस्त्यात पोरं तोंडाने काढत! इकडे दात गेला. बाबांनी एकदा फुंकून पाहिलं, नुसती हवा आली. ट्रम्पेट पेटीत गेला तो गेलाच. मग ते रोज मला लावत आणि तेवढी फर्रर्रची जागा ऐकत.

पुढे गाणी ऐकायची नवी यंत्रं आली. माझं कव्हर हरवलं. माझ्यावर फुलदाणी बसली. बाबांच्या नातीने माझ्यावरून खेळण्यातली मोटार पळवली, आणि चरा पडला तो नेमका त्या जागेच्या आधी.

एके दिवशी बाबांनी मला पुन्हा लावलं. लेक होती, काका होता.

बाबा श्वास घेतात, टक्.
बाबा श्वास घेतात, टक्.
बाबा श्वास घेतात, टक्.

मित्रांनो, मला पुढे जायचं होतं हो! जाता येईना.

"बंद कर," बाबा म्हणाले. "आता तेही गेलं."

लेकीने बंद केलं नाही. तिने बास काढला आणि माझ्याबरोबर वाजवू लागली: श्वासाइतकी शांतता, टक्. शांतता, टक्.

"बाबा, तबकडी चुकलीय. नियम काय आपला?"

काका टेबलावर बोटं वाजवू लागला.  मग बाबा उठले, पेटी उघडली, ट्रम्पेट ओठांना लावला. हवा. पुन्हा हवा. आणि मग दात नसलेल्या जागेतून, फाटकं, ओलं,

फर्रर्र!

"वा!" काकाने टेबलावर असा धडाड हात मारला, की सुई उडाली आणि चऱ्यापलीकडे पडली. माझ्यातूनही फर्रर्र निघालं. जुने बाबा आणि नवे बाबा, एकाच फेरीत.

मित्रांनो, मला कडेने धरा. कव्हरात ठेवा. माझ्यावर फुलदाण्या ठेवू नका. आणि एवढं जपूनही चरा पडलाच, तर फेकण्याआधी एकदा माझ्याबरोबर वाजवून बघा.

चला, सुई उचला. पुन्हा पहिल्यापासून.