एक वाजता जेवायला येते

दहाला दहा कमी असताना वायरलेसवर दुरुस्तीच्या टोळीचा मुकादम ओरडला, "झालं! मनोऱ्याचा हात बसला! माणसं खाली उतरतायत!" आणि ताईने खुर्चीत बसल्या बसल्या दोन्ही मुठी हवेत उडवल्या. नियंत्रण कक्षात असं वागायची पद्धत नाही. तिथे माणसं आवाज चढवत नाहीत आणि खुर्च्यासुद्धा सावकाश सरकवतात. पण भिंतीएवढ्या पडद्यावर नदीपारची लाइन पाच दिवस राखाडी रंगात मेल्यासारखी पडलेली बघितल्यावर कुणाचाही धीर सुटेल, आणि ताईचा तर मुळातच फारसा नव्हता.

ताई ती सगळ्यांचीच. निवृत्तीला दोन वर्षं उरलेले पाळीप्रमुख अण्णासुद्धा तिला ताईच म्हणत. अठरा वर्षं ती या खुर्चीत बसत होती. विजेच्या मोठ्या तारांमधून कुणाची वीज कुठून कुठे जाते, कुठे गर्दी होते, कुठे जागा उरते, हे तिला स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांइतकं पाठ होतं. त्या खुर्चीत बसायचा परवाना असतो. तो परीक्षा देऊन मिळतो आणि एका चुकीने जातो.

"काम संध्याकाळपर्यंत चालेल असं सगळ्यांना कळवलंय आपण," अण्णा म्हणाले. "आता तपासणी, मग जागेचा आकडा काढ. अकराला लाइन चालू, अकरालाच फलकावर. तोवर या खोलीबाहेर चकार शब्द नाही."

हा फलक म्हणजे काही खडूने लिहायचा फळा नव्हे. इंटरनेटवरचं एक पान, तीन वर्षांपूर्वी सरकारी नियामकांनी सक्तीने सुरू करायला लावलेलं. कोणत्या लाइनवर किती जागा मोकळी आहे ते त्यावर टाकायचं, सगळ्यांना एकाच क्षणी दिसेल असं. जो आधी मागेल त्याला जागा, मग तो डोंगराएवढी कंपनी असो की चिमूटभर कारखाना. त्याआधीचे दिवस ताईला चांगले आठवत होते. लाइनींची मालक तिचीच कंपनी आणि वीज विकणारीही तिचीच. विक्रीची मंडळी चहाच्या निमित्ताने या खोलीत यायची, पडद्यावर तिरका डोळा टाकायची आणि जागा गट्ट करून जायची. बाकीच्यांना फोनवर उत्तर ठरलेलं, "जागा नाही." बर्फाचा कारखाना चालवणाऱ्या एक बाई दर सोमवारी फोन करायच्या. त्यांना नदीपलीकडच्या छोट्या धरणाची वीज हवी होती, अवघी दोन मेगावॉट. "जागा नाही" हे ताईनेच त्यांना इतक्या वेळा सांगितलं होतं की शेवटी शेवटी तिला स्वतःच्या आवाजाची शरम वाटायची.

आता दोन विभागांच्या मध्ये कुलूपबंद दार होतं, चहाची यंत्रंही वेगळी होती. फक्त एका ठिकाणी दार घालता आलं नव्हतं. ताईचा धाकटा भाऊ दुसऱ्या मजल्यावर विक्री विभागात होता आणि दोघंही एकाच घरात, एकाच आईच्या हातचं जेवत होते. दोघांनीही ते नियमाप्रमाणे लिहून दिलं होतं. आईने तर घरचा वेगळा कायदा केला होता, जेवताना जो "लाइन" म्हणेल त्याने सगळ्यांची भांडी घासायची.

दहा वाजून दहा मिनिटांनी बाहेरच्या बोळात ताईचा मोबाइल वाजला. कक्षात फोन चालत नाही, म्हणून खिडकीपाशी ठेवलेला असतो. आईच होती.

"येणार आहेस का गं जेवायला? की आजही त्या डब्यावरच?"

पाच दिवस ताईने पडद्यावरची नजर न काढता डबा उपसला होता. तपासणीचे पहिले आकडे उत्तम आले होते आणि तिच्या पायांना जमीन लागत नव्हती.

"येते! एक वाजता ताट मांडून ठेव. आज मी गरम गरम जेवणार आहे!"

"अगं बाई! ऐकलंस का रे?" आई म्हणाली, पण ते ताईला उद्देशून नव्हतं. आईचे हात सदा कामात, म्हणून ती फोन मोठ्या आवाजावर करून डब्याला टेकवून ठेवायची.

"आज? ताई जेवायला येणार?" पलीकडून धाकट्याचा आवाज आला. तो अजून कामावर निघाला नव्हता. मग खुर्ची मागे सरकल्याचा आवाज, आणि मग काहीच नाही.

ताईने जीभ चावली, पण आता चावून काय उपयोग! लाइन बंद असताना ताई जागा सोडत नाही, हे त्या घरात मांजरालाही ठाऊक होतं. ती जेवायला येते म्हणजे लाइन येते. एवढा हिशोब करायला धाकट्याला बोटं मोजावी लागणार नव्हती. आणि तीन महिने तो याच लाइनवरच्या आपल्या पहिल्या मोठ्या सौद्याची वाट बघत होता. आता गिऱ्हाईक, वीज, कागद सगळं तयार ठेवून तो अकराच्या ठोक्याला बोट दाबायला बसणार. बाकी सगळे बिचारे संध्याकाळच्या भरवशावर राहणार.

ती आत गेली आणि अण्णांसमोर उभी राहिली. "अण्णा, माझ्या तोंडून गेलं."

"काय गेलं?"

"जेवायला येते म्हणाले."

अण्णा हसले. मग ऐकणारा कोण होता ते तिने सांगितलं आणि त्यांचं हसू जागच्या जागी विरलं. ते उठले, दार लावून घेतलं, पुन्हा बसले.

"लाइनचं नाव घेतलंस?"

"नाही."

"मग सोड. जेवायला येते म्हणणं हा गुन्हा नाही. कोण काय सिद्ध करणार? नोंद केलीस तर चौकशी लागेल, परवाना जाईल. अठरा वर्षं आहेत ताई."

हे अण्णा वाईटपणाने बोलत नव्हते. त्यांचा जीव होता तिच्यावर. पण नवीन आलेल्यांना नियम शिकवायचं काम ताईकडेच होतं आणि दर वेळी ती फळ्यावर ठोकून सांगायची, आपण काय बोललो ते महत्त्वाचं नाही, ऐकणाऱ्याला काय कळलं ते महत्त्वाचं. आणि फुटलं तर फुटलेलं सगळं, शब्द न् शब्द, ताबडतोब फलकावर. तिचेच शब्द आता तिला टोचायला लागले.

आधी तिने बोळात जाऊन धाकट्याला फोन लावला. आईने उचलला.

"अगं, तो पळाला! चहा अर्धा टाकला, फोन इथेच, पायात घरातल्या चपला. सायकल काढली आणि सुसाट गेला. काय झालंय काय?"

पळाला. घर ते ऑफिस सायकलने दहा मिनिटं. म्हणजे एव्हाना तो खुर्चीत जाऊन बसलासुद्धा असेल. ज्याला तिने सायकल शिकवली, ज्याच्या गणिताच्या वह्या तिने रात्र रात्र तपासल्या, तो तिच्याच एका वाक्यावर स्वार होऊन पळाला होता. तिला रडू आलं, आणि रडण्यापेक्षा जास्त राग आला. ती तशीच आत परतली.

"अण्णा, आकडा किती निघाला?"

"छत्तीस मेगावॉट. पण ताई..."

तिने खुर्ची ओढली आणि लिहायला घेतलं. एक अक्षर चुकलं नाही. नदीपारची लाइन आज अकरा वाजता चालू होईल. मोकळी जागा छत्तीस मेगावॉट. सर्वांना तयारीला वेळ मिळावा म्हणून मागण्या साडेअकरापासून घेतल्या जातील. पुढे रकाना होता, माहिती कोणाकडून फुटली. तिने स्वतःचं पद लिहिलं. कोणाला? सख्खा भाऊ, विक्री विभाग. नेमके शब्द काय? तिने एक श्वास घेतला आणि लिहिलं, "एक वाजता ताट मांडून ठेव. आज मी गरम गरम जेवणार आहे."

"हे एकशे सतरा कंपन्या वाचणार," अण्णा कपाळाला हात लावून म्हणाले.

"वाचू देत."

ती कळ दाबणार तेवढ्यात फलकाचं पान स्वतःहून हललं. वर नवी नोंद आली. वेळ दहा एकोणतीस. पाठवणारा, विक्री विभाग.

"या विभागातील एका कर्मचाऱ्याला आज सकाळी घरी फोनवरील बोलण्यावरून अंदाज आला आहे की नदीपारची लाइन ठरल्यापेक्षा लवकर सुरू होईल. त्याला हे कोणीही सांगितलेले नाही. अंदाज सर्वस्वी त्याचा आहे. त्याने आपल्या खोलीत पाऊल न टाकता ही नोंद फाटकावरील पहारेकऱ्याच्या संगणकावरून दिली असून आज तो कामावर बसणार नाही. त्याच्या विभागालाही हे या नोंदीतूनच कळत आहे."

ताईने ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचता येईना, अक्षरं पाण्यात गेली. गाढव, तीन महिने ज्याची वाट बघितली ते सोडून फाटकावर उभा राहिला, घरातल्या चपलांत!

अण्णांचा चेहरा मात्र उजळला. "सुटलीस की! सगळ्यांना कळलं, कुणाचं नुकसान नाही, तुझं नावही नाही. फक्त लाइनची वेळ आणि आकडा टाक, बाकीचं पुसून टाक. तो म्हणतोय ना, कोणी सांगितलं नाही म्हणून!"

खरंच, एक कळ दाबून ते वाक्य पुसलं की झालं असतं. खुर्ची तिची, परवाना तिचा, आणि ताट तर होतंच.

"त्याने त्याचं अर्धं लिहिलंय अण्णा," ती म्हणाली. "उरलेलं अर्धं माझं आहे." आणि तिने जसंच्या तसं पाठवून दिलं. दहा एकतीस.

पुढचा तास कसा गेला ते विचारू नका. फोन घणघणत होते, मुकादम वायरलेसवर गर्जत होता, अण्णा पाण्याचे पेलेच्या पेले रिचवत होते. अकराच्या ठोक्याला ताईने आज्ञा दिली आणि पडद्यावरची राखाडी रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हिरवी झाली. सगळी खोली उभी राहिली. साडेअकराला फलकावर मागण्या भराभर कोसळू लागल्या आणि पहिल्या ओळीत, सगळ्या बड्या नावांच्या डोक्यावर, उमटली दोन मेगावॉटची मागणी. बर्फवाल्या बाईंची! ताई किंचाळलीच. छत्तीस मेगावॉट चार मिनिटांत संपले, आणि तिच्या स्वतःच्या कंपनीला त्यातले सहा मिळाले, रांगेत नवव्या नंबरावर.

पण परवान्याचा निकाल अजून यायचा होता. साडेबाराला नियामकांच्या कार्यालयातून फोन आला. पलीकडच्या अधिकारी बाई कोरड्या आवाजात बोलत होत्या.

"पहिली नोंद वाचल्यावर आम्ही त्या घरच्या फोनचं दुसरं टोक शोधायलाच बसलो होतो. मिळालं असतं अर्ध्या तासात, आणि मग ती लपवाछपवी ठरली असती, परवाना तिथेच संपला असता. तेवढ्यात तुमची नोंद आली. दोन्हींतलं मिनिट न् मिनिट जुळतंय. समज देतो आहोत, लेखी. परवाना राहील."

"थँक्यू," ताई कशीबशी म्हणाली.

"आणि बाई, पावणेएक होत आला. तुम्ही जाहीर केलंय."

अण्णांनी तिची पर्स तिच्या हातात कोंबली. "पळ! एकशे सतरा कंपन्यांना सांगितलंयस. न जेवलीस तर खोटी माहिती दिल्याबद्दल पुन्हा चौकशी लागायची."

घरी ताट मांडलेलं होतं. धाकटा समोर बसला होता, पायात अजून त्याच चपला. आई दोघांकडे आळीपाळीने बघत होती. तिने गरम गरम वाढलं.

"लाइन सुरू झाली," ताई म्हणाली. तीन वर्षांत पहिल्यांदाच तो शब्द त्या घरात जेवताना उच्चारला गेला. "आता सगळ्यांनाच माहीत आहे, म्हणून बोलते."

"बघितलं मी. बर्फवाल्या पहिल्या!" धाकटा हसला. मग हळूच म्हणाला, "तू का लिहिलंस? मी नीट झाकलं होतं तुला."

ताईने घास खाली ठेवला. "तू पळालास असं आईने सांगितलं, तेव्हा मला वाटलं, तू खुर्ची गाठायला पळालास."

धाकटा ताटातली भाजी पोळीने एका कडेला सारू लागला.

"पळालोच होतो," तो म्हणाला. "चालत गेलो असतो ना ताई, तर वाटेत विचार करायला वेळ मिळाला असता. मग फाटकावर थांबलो असतो की वर गेलो असतो, मला नाही सांगता येत."

जेवण झाल्यावर ताईने सगळ्यांची ताटं एकात एक रचली आणि ती मोरीकडे निघाली.

"अगं, आज कशाला?" धाकटा म्हणाला. "आज लाइन म्हणायला परवानगी होती."

"लाइनसाठी नाही रे," ताई म्हणाली. "मला तुझ्याबद्दल जे वाटलं, त्यासाठी."

तिने नळ सोडला. धाकटा फडकं घेऊन तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.