सरावाचं घर

मी एक घर आहे, पण मला राहण्यासाठी बांधलंच नव्हतं. मला बांधलं ते लाथा मारण्यासाठी. हसू नका, माझी जन्मकथाच तशी आहे.

गावाबाहेर सैनिकांना शिकवायचं केंद्र होतं. लांबलचक बराकी, कवायतीचं मैदान आणि मैदानाच्या टोकाला मी. दोन खोल्या, एक दार. चूल नाही, मोरी नाही, भिंतीला साधी खुंटी नाही. शत्रू घरात लपला तर आत कसं शिरायचं, हे नव्या पोरांनी माझ्यावर शिकायचं. दाराला लाथ, दार आडवं, पोरं आत. आत फळ्यांवर रंगवलेली माणसं उभी असत. एक बंदूकवाला आणि एक कडेवर मूल घेतलेली बाई. घाईत पोरं हमखास बाईलाच गोळी घालायची.

"गाढवा, तिनं तुझं काय घोडं मारलं होतं?" उस्ताद ओरडायचे. पोरगं खाली मान घालून उभं राहायचं. त्या बाईची पार चाळण झाली होती. मला तिची फार कीव यायची.

पडलेलं दार संध्याकाळी केंद्राचे सुतारकाका पुन्हा बसवत. बिजागरीला आखूड स्क्रू, कडी नाहीच. दार एका लाथेत पडलं पाहिजे, पण चौकट फुटता कामा नये, असा त्यांचा हात बसला होता.

पुढे केंद्र दुसरीकडे हललं. बराकींत धान्याची पोती आली, मैदानावर गाडी शिकणारे गोल गोल फिरू लागले. माझ्याकडे कुणी फिरकेना. लाथा थांबल्या याचं सुख वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

यंदा नदीनं खालची वस्ती धुऊन नेली आणि तिथली माणसं बराकींत आली. मध्ये चादरींचे पडदे लावून संसार मांडले. त्यात एका घरच्या सुनेचे दिवस भरत आले होते. "ओली बाळंतीण एवढ्या माणसांत कशी निजणार?" असं विचारत तिच्या सासूबाई थेट या पूरग्रस्तांच्या छावणीच्या साहेबांपुढे उभ्या राहिल्या आणि मला मागून घेतलं.

दार बसवायला निवृत्त झालेले सुतारकाकाच आले. या वेळी कडीही लावली आणि गेले. दुसऱ्या दिवशी वारा सुटला आणि दार बिजागऱ्यांसकट आत कोसळलं, सुनेच्या पायापासून हातभर अंतरावर. जन्मभराच्या सवयीनं काकांनी आखूड स्क्रूच मारले होते.

सून गाठोडं बांधू लागली. "आई, मी बराकीत जाते. इथं नको मला."

 उभ्या आयुष्यात पहिल्यांदा कुणी राहायला आलं होतं, तेही चाललं.

सासूबाईंनी काकांना बोलावून आणलं. दार बघून ते पडलेले स्क्रू वेचू लागले. "चुकलो, वहिनी. हात आपोआप तसाच चालला."

"मग हाताला सांगा, आता इथं माणसं राहतात."

काका दुपारभर खपले. लांब स्क्रू, तीन बिजागऱ्या, आतून जाडजूड अडसर. सासूबाईंनी सुनेला समजावून आत बसवलं, स्वतः बाहेर आल्या, तिला आतून अडसर घालायला लावला आणि काकांना म्हणाल्या, "मारा लाथ."

"अहो, आत पोटुशी पोर आहे."

"म्हणूनच. दार टिकतं हे तिला कळू दे."

काकांनी डोळे मिटून लाथ मारली. मी चौकट जीव खाऊन धरून ठेवली. त्यांनी दुसरी मारली, तिसरी मारली आणि शेवटी स्वतःचाच पाय धरून कळवळले. दार जागचं हललं नाही.

 मग आतून सुनेचा आवाज आला, "कोण आहे?"

माझ्या दारावर आजवर किती जण आले, पण हे विचारणारं आत कुणी नव्हतंच.

"मी सुतार," काका लंगडत पुढे होऊन म्हणाले.

"थांबा हं, उघडते."

आता ती, तिच्या सासूबाई आणि तिची तान्ही लेक माझ्यात राहतात. नवी घरं मिळाली की जातील, जायलाच हवं. तोवर तुम्ही इकडे आलात तर दारावर हळू थाप मारा आणि थांबा. पोर आत्ताच झोपली आहे.