कोरे फडके

मित्रांनो, दिसायला पेनासारखा, पण आयुष्यात एक अक्षरही न लिहिलेला मी एक जुना एअरब्रश आहे. हवेच्या जोरावर रंगाचे धुके सोडणे हे माझे काम. एकवीस वर्षे ते करून मी आता थकलो आहे.

माझे धनी कृत्रिम हात रंगवतात. साचा त्यांच्या पत्नी काढतात. नखांखालची गुलाबी छटा, मनगटावरच्या शिरांचा निळसरपणा, पेरांवरचा सावळा रंग धनी माझ्याकडून उतरवून घेतात. माझी सुई इतकी नाजूक, की टोकावर रंगाचा कण जरी वाळला तरी धुक्याऐवजी शिंतोडे उडतात.

म्हणून धन्यांचा एक नेम होता. प्रत्येक रंगानंतर ते माझ्या रंगाच्या कपात रंग विरघळवणारे थिनर ओतत आणि पांढऱ्या फडक्यावर फवारत. फवारा पडूनही फडके कोरे राहिले, की मगच सुई मागून हलकेच ओढून पुसत. "कारागीर ओळखायचा तर त्याचं फडकं बघा," असे ते आल्यागेल्याला ऐकवत.

पण गेल्या वर्षापासून त्यांना कोऱ्या वाटणाऱ्या फडक्यावर फिकट तपकिरी डाग राहू लागला. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. मला ते कळत होते, पण मला वाचा कुठली? आत रंगाचे थर साचत गेले आणि माझा श्वास जड झाला.

अशातच एका शिक्षिकेचा हात आला. अपघातानंतर सोमवारी ती प्रथमच वर्गात उभी राहणार होती. "मुलं सगळ्यात आधी हाताकडेच बघतील हो," ती म्हणाली होती. शनिवारी दुपारी शेवटचा थर देताना मी खोकलो, आणि त्या हातावर तपकिरी शिंतोडे उडाले.

"भरले याचे दिवस!" धनी कडाडले. "उद्याच भंगारात टाकतो."

पत्नी आतून आल्या. त्यांनी फडके उचलले. "अहो, हे काय?"

"कोरं फडकं. दिसत नाही?"

"मला दिसतंय, तुम्हाला दिसत नाही. चहा गाळल्यासारखं झालंय!"

"म्हणजे मी आंधळा?"

"आंधळे नाही, हट्टी. डोळ्यांचं ऑपरेशन तरी होतं, हट्टाचं होत नाही."

धन्यांनी ते फडके खिडकीच्या उजेडात धरून डोळ्यांजवळ नेले. मग त्यांनी मला पत्नीपुढे ठेवले.

"तू धू. सुई मागूनच ओढ हं, टोक वाकलं तर संपलं."

"एकवीस वर्षं ऐकतेय. पाठ झालंय."

पत्नींनी माझे नोझल, म्हणजे रंग सोडणारे तोंड, सोडवून थिनरमध्ये बुडवले, बारीक कुंचल्याने आतला रंग खरवडला. बाराव्या फवाऱ्याला फडके खरोखर कोरे राहिले. हातावरचा रंग अजून पक्का झाला नव्हता. तो पुसून दोघे पुन्हा बसले. धनी मला चालवत होते, पत्नी छटा सांगत होत्या. "पिवळा वाढतोय, आवरा." आणि धनी आवरत होते.

सोमवारी सकाळी शिक्षिकेने दोन्ही हात टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. खूप वेळ पाहून ती हसली. "पहिल्या तासाला मुलांनाच विचारते, यातला माझा कुठला?"

मित्रांनो, मी पुन्हा खुंटीवर आहे. रंग धुतला जातो, थकवा धुतला जात नाही. एवढेच मागणे आहे: काम संपताच आम्हां अवजारांना धुवा, आणि फडके कोरे दिसले तरी शेजारच्याला एकदा विचारा, ‘तुला काय दिसतंय?’ माझे धनी आता रोज विचारतात. गाल थोडे फुगलेले असतात, पण विचारतात.