हवालदारांची दुरुस्ती

मित्रराष्ट्रांनी एकमेकांची लष्करी सामग्री दुरुस्त करून द्यायची, असा कायदा झाला आणि दुसऱ्याच सकाळी भिंगारच्या निवृत्त हवालदार केरबा ढवणांचा उजवा कान दुरुस्तीला गेला. सैन्याने वापरलेली प्रत्येक वस्तू म्हणजे सामग्री, असं पहिल्याच कलमात होतं. केरबांना सैन्याने चांगलं घासूनपुसून वापरलं होतं, तेव्हा त्यांच्या बायकोला, हिराबाईंना, वाद घालायला जागाच नव्हती.

कान परत आला. काम चोख होतं. पण दुरुस्ती बर्फाळ देशात झालेली, म्हणून त्या कानाला फक्त बर्फ पडल्याचं ऐकू यायचं. मग गुडघा गेला. तो परत आला तेव्हा समुद्राकडे तोंड असेल तरच वाकायचा. केरबा जेवायला बसले की पश्चिमेला वळायचे, आणि हिराबाई ताट उचलून त्यांच्या पुढे नेऊन मांडायच्या.

अंगण रोज लांबत होतं, कारण प्रत्येक मित्रराष्ट्राच्या अभियंत्यांना आपापला तंबू हवा होता. दूधवाला फाटकातून निघाला की ओट्यापर्यंत येताना दुधाचं दही व्हायचं.

खंडेनवमीच्या सकाळी मुख्य अभियंता आला. पिंगट भुवयांचा, उंच. बूट बाहेर काढून आला. दुरुस्ती करणाऱ्याने घरच्यांच्या भाषेत बोलावं, असंही एक कलम होतं.

"वहिनी, आज छाती खोलायची."

"छातीला काय धाड भरलीय?"

"आतून आवाज येतो. झोपेत तुमचं नाव निघतं. मूळ आराखड्यात तो आवाज नाही."

"अहो भाऊ, तो बिघाड नाही. सवय आहे ती."

"काढून देऊ. खर्च आमच्याकडे."

"काय म्हणतोय गं तो?" केरबांनी डावा कान पुढे केला.

"काही नाही. पाटावर बसा बघू."

केरबा पश्चिमेला तोंड करून बसले. हिराबाईंनी त्यांना हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, उदबत्ती ओवाळली आणि मग कमरेवर हात ठेवून अभियंत्याकडे वळल्या.

"हे सामग्री आहेत ना तुमच्या कायद्यात? मग खंडेनवमीला पूजलेल्या हत्याराला कुणी हात लावत नाही. गॅरेजवालेसुद्धा आज पाना-पक्कड फुलं वाहून गप्प ठेवतात. मीसुद्धा नाही लावणार हात."

अभियंत्याने विचार केला. "मान्य. पूजा मोडते कधी?"

"पूजलेलं हत्यार कामाला लागलं की," हिराबाई बोलून गेल्या, आणि मग त्यांना जीभ चावावीशी वाटली.

सगळे अभियंते अंगणभर ओळीने बसले. पाना-पक्कड मांडीवर.

दसरा आला, गेला. हिराबाईंनी पूजा उतरवलीच नाही. रोज ताट आणायच्या, केरबांपुढे धरायच्या आणि परत न्यायच्या. नैवेद्य दाखवायचा असतो, भरवायचा नसतो. केरबांच्या गळ्यातली माळ सैल होत चालली होती. माळ तीच होती. गळा बारीक झाला होता.

"हिरा," ते म्हणाले, "भूक लागलीय गं."

अंगणात माना वर झाल्या.

"बोलू नका हो. हलू नका. कामाला लागलात म्हणतील."

"एकच घास."

हिराबाईंनी अंगणाकडे पाठ केली. मग खाली बसल्या. वरणभातावर तूप सोडलं, लिंबू पिळलं, त्यांना आवडतो तसा मऊ कालवला. हात वर गेला. अंगणाच्या पार दिसेनाशा टोकापर्यंत, एकामागून एक, लोखंड उचलल्याचा आवाज होत गेला.

केरबांनी तोंड उघडलं.