दोन मीटर गाळ

मित्रांनो, भिंत सरळ उभी आहे की नाही हे पाहायला गवंडी दोरीला ओळंबा बांधून सोडतो, तो तुम्ही पाहिला असेल. मी त्याच्याच जातीचा, पण माझे नशीब काळे. मी पोलादी फितीच्या टोकाला लटकतो आणि वीजकेंद्राच्या टाकीत तेल किती उरले ते सांगतो. वय चौतीस, वजन पाऊण किलो, देह पितळेचा. लोखंडाचा असतो तर कधीतरी टाकीच्या काठावर आपटून ठिणगी पडली असती आणि ही हकीगत सांगायला मी उरलो नसतो.

माझे सगळे आयुष्य एडनच्या बंदराजवळ एका वीजकेंद्रात गेले. जहाजातून जाड, काळे तेल येते, ते जाळून वीज होते. आमची टाकी बारा मीटर उंच. पहिली वीस वर्षे मी हैदरा उस्तादांच्या हातात होतो. लोखंडी जिना तापायच्या आत ते छपरावर चढत, झाकण उघडत आणि मला हळूहळू आत सोडत. तेलातून खाली, आणखी खाली, तळाला ठक्क आवाज येईपर्यंत. मग फीत वर ओढायची, तेल कुठवर लागले ते वाचायचे आणि मला चिंध्यांनी पुसत बसायचे. पुसण्यात अर्धा तास जाई. उस्ताद कधी कुरकुरले नाहीत. पुसता पुसता ते माझ्याशी गप्पा मारत. एकदा बंदरावरच्या कप्तानाने त्यांचा आकडा आणि जहाजाचा आकडा ताडून पाहिला. बोटभरही फरक निघाला नाही. त्या दिवशी उस्तादांनी सगळ्यांना सुरमई खाऊ घातली. मला काय खाऊ घालणार? पण पुसले दोनदा.

उस्ताद निवृत्त झाले आणि मी अवादकडे आलो. अवाद बामतरफ त्यांचाच शिष्य. उस्तादांना मुलगा नव्हता, ते यालाच पोरगा मानत. अवादचा हातही तसाच हलका. पण दिवस बदलले होते. जहाजे उशिरा येऊ लागली. टाकी धुवायची तर आधी रिकामी करावी लागते, आणि तेवढी चैन कोणाला परवडणार? सहा वर्षे टाकी धुतलीच नाही. तळाशी गाळ साचत गेला आणि साचून डांबरासारखा घट्ट झाला. बारा मीटरऐवजी मी दहावरच अडू लागलो. खाली दोन मीटर नुसता गाळ, जो कुठलाही पंप ओढू शकत नाही.

अशात मुनीस नावाचे नवे इंजिनियर आले. त्यांचा शर्ट पांढराशुभ्र असे.

“अवाद, रोज हे काळं तोंड करून घेतोस कशाला?” ते म्हणाले. “वरून तेलापर्यंत रिकामी जागा किती ते मोज, बारातून वजा कर, झालं. दोन मिनिटांचं काम.”

“साहेब, मग गाळ पण तेलातच धरला जाईल.”

“जाऊ दे की! गाळ लिहिलास तर वरून विचारतील, सहा वर्षं टाकी का नाही धुतली? उत्तर तू देणार का?”

अवादने वजाबाकी करून आकडा लिहिला. घरी पाच खाणारी तोंडे होती त्याची. मी त्याला दोष देत नाही असे म्हणणार होतो, पण ते खोटे ठरेल. मी त्याला दोष देतो. आणि तरीही माझा जीव आहे त्याच्यावर.

तेव्हापासून मला फक्त तेलाच्या सायीला टेकायला मिळे. आमचा आकडा दर शनिवारी वरच्या कचेरीत जाई. तिथे देशभरातल्या टाक्यांचे आकडे शेजारी शेजारी मांडून ठरवत, की पुढचे जहाज कोणत्या बंदराला द्यायचे. ती माणसे हुशार होती. पण त्यांना टाकी दिसत नव्हती, कागद दिसत होता.

त्या जूनमध्ये एका शनिवारी आमचा आकडा निघाला चार मीटर. रोज चाळीस सेंटीमीटर तेल जळे. म्हणजे कागदावर दहा दिवस, आणि टाकीत पाच. दहा दिवस आहेत म्हटल्यावर आमच्याकडे येणारे जहाज दुसऱ्या बंदराकडे वळवले. आमच्या वाट्याला त्यानंतरचे, नवव्या दिवशी येणारे.

त्याच दुपारी अवाद उस्तादांकडे गेला. मी त्याच्या पिशवीत होतो. उस्तादांची फुप्फुसे आता थकली होती. नाकात नळी, शेजारी विजेवर चालणारे ऑक्सिजनचे यंत्र. रोज चारेक तास वीज जाईच, तेवढ्यापुरती बॅटरी होती. अवादने दुधाचा चहा आणि खमीर नावाचा तळलेला पाव आणला होता.

“विदादनं गाडी पाठवलीय,” उस्ताद म्हणाले. विदाद ही त्यांची मुलगी, मुकल्लाला राहणारी. “म्हणते, एडनची वीज जाणार... इकडे या. उद्या सकाळी ड्रायव्हर येईल. एवढ्या लांबच्या रस्त्यात... हाडं खिळखिळी होतील रे माझी. तू सांग, टाकीत किती दिवस आहेत?”

अवादने पेला खाली ठेवला. पुन्हा उचलला.

“दहा.”

“नक्की ना?”

“सही केलीय मी, उस्ताद.”

“मग झालं तर! दुसऱ्या कोणाचा आकडा असता... तर पळालो असतो. हा माझ्या पोराचा आकडा आहे.” ते खोकला येईपर्यंत हसले. “खमीर मात्र चपलेसारखा आणलास हं.”

मित्रांनो, पितळेला तोंड नसते. असते तर मी त्या पिशवीत बोंब ठोकली असती. जिना उतरताना अवाद स्वतःशीच पुटपुटला, “जहाज लवकर येईल. येतं कधीकधी.” सही केलेला आकडा गुरूसमोर खोटा म्हणायची त्याला लाज वाटली, एवढेच. तेवढ्या लाजेची किंमत काय होईल, हे त्याला कळले नाही.

गुरुवारी दुपारी पंपाच्या तोंडाशी गाळ लागला, त्याने दोन आचके दिले आणि यंत्रे बंद पडली. शहरातले सगळे पंखे थांबले. अवाद मला पिशवीत घेऊन तसाच धावत सुटला. ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी तो इस्पितळाच्या फाटकाशी रांगेत उभा राहिला, त्याच्या पुढे दोनशे माणसे होती. बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकली. शुक्रवारी दुपारच्या नमाजाआधी सिलिंडर खांद्यावर घेऊन तो उस्तादांच्या दारात पोहोचला, तेव्हा शेजारणी रडत होत्या.

तिसऱ्या दिवशी विदाद दारात आलेल्यांना कॉफी देत होती. तिने अवादच्या हातात पेला दिला.

“अवाददादा, ड्रायव्हर दोन तास बसून होता हो. बाबा हललेच नाहीत. मला फोनवर म्हणाले, अवादनं मोजलंय, म्हणजे तळ गाठूनच मोजलं असणार.”

अवादने पेला ओठांना लावला नाही.

“नव्हतं गाठलं, पोरी. मला ठाऊक होतं.”

विदादने त्याच्या हातातला पेला काढून घेतला आणि आत निघून गेली. दुखवट्याच्या घरात आलेल्याचा पेला कोणी परत घेत नाही. अवाद रिकामा हात तसाच पुढे धरून उभा होता.

जहाज कागदावर लिहिल्याप्रमाणे नवव्या दिवशी आले. टाकी अजून धुतलेली नाही. तेलाची उंची आता एक यंत्र वरूनच सांगते, आणि मी कचेरीत खिळ्याला टांगलेला आहे. अवादने काम सोडले.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, देशाच्या विजेचे, तेलाचे हिशोब तुमच्या हाती येतील. चार माणसे तुम्हाला चांगला आकडा सांगतील आणि तुम्हालाही तो हवासा वाटेल. तेव्हा हात काळे व्हायला भिऊ नका. टाक्या धुवा. जेवढे नाही तेवढे नाही म्हणून लिहा. आणि माझ्यासारखा एखादा खिळ्यावर दिसला, तर त्याला खाली सोडा. तळापर्यंत मी माझ्या वजनानेच जातो. वर यायला मात्र मला कोणाचा तरी हात लागतो.